थांबा मिळाला, मुक्काम गेला

निवेदन देतानाचा फोटो ठरलेला असतो. मध्ये रेल्वेचा एक अधिकारी, त्याच्या हातात कागदाचं एक टोक, आणि दुसरं टोक धरून कॅमेऱ्याकडे बघणारी आठ-दहा माणसं. मजकूरही ठरलेला: आमच्या स्थानकावर अमुक एक्स्प्रेसला थांबा मिळावा. कोविडच्या काळात गाड्या बंद झाल्या, पुढे सुरूही झाल्या, पण लहान स्थानकांवरचे कित्येक थांबे परत आले नाहीत. तेव्हापासून हा फोटो आणि त्याच्या मागोमाग येणारी भांडणं फार वाढली आहेत. एक गट म्हणतो, रेल्वेनं आमचं गाव मारलं, छोटी गाडी होती तेव्हा इथे रात्रभर दिवे जळायचे. दुसरा गट म्हणतो, लांब पल्ल्याच्या गाडीनं वाडी-वाडीला थांबायचं का, भावनेवर रेल्वे चालत नाही, प्रगतीची किंमत मोजावीच लागते. पहिल्याला दुसरा बेदरकार वाटतो, दुसऱ्याला पहिला रडका. दोघंही तावातावानं बोलतात आणि दोघांनीही एक गोष्ट न तपासता गृहीत धरलेली आहे: गाडी थांबली की जंक्शन जगतं.

मला हे मुळातच चुकीचं वाटतं. जंक्शनचं गाव थांब्यावर जगत नसतं, खोळंब्यावर जगतं. प्रवाशाचा आणि मालाचा खोळंबा हीच त्याची शेती. हा खोळंबा संपवला हे योग्यच झालं, आणि तो परत आणा म्हणणं हे दुसऱ्याच्या गैरसोयीची भीक मागण्यासारखं आहे. पण खोळंबा संपल्यामुळे जो पैसा आणि वेळ वाचला, त्यात त्या गावाचा वाटा होता. तो कुणी मागितला नाही, म्हणून कुणी दिलाही नाही. हे सगळं हवेत बोलण्यापेक्षा एका गावाचा हिशेब मांडतो. आम्ही बार्शीचे, त्यामुळे गाव अर्थात कुर्डुवाडी.

कुर्डू नावाचं गाव आहे, त्याची ही वाडी. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, या रेल्वे कंपनीची पुण्याकडून येणारी लाइन १८५९ मध्ये इथवर आली आणि पुढच्या वर्षी सोलापूरला पोचली. बार्शी तेव्हा कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, पण लाइन तिच्यापासून एकवीस मैलांवरून गेली. म्हणून वाडीजवळ जे स्टेशन झालं त्याचं नाव पडलं ‘बार्शी रोड’. म्हणजे जन्मताच त्या ठिकाणाला स्वतःचं नाव नव्हतं. तिथून पुढे कुठे जायचं, तेच त्याचं नाव. नाशिक रोड, लातूर रोड ही त्याच जातीची भावंडं. मला हे नाव फार बोलकं वाटतं. पुढच्या दीडशे वर्षांतला सगळा वाद त्या ‘रोड’मध्ये आहे.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा एक इंग्रज अभियंता होता. आधी जीआयपीच्या नोकरीत होता, नंतर स्वतःच्या कल्पनांच्या मागे लागला. (म्हातारपणी त्याने विमानातून उडी मारण्याची छत्रीही तयार केली आणि तिला ‘गार्डियन एंजल’ असं नाव दिलं. माणूस एकूण धडपड्या होता.) त्याचं म्हणणं असं की, अडीच फुटी अरुंद लाइन नीट आखली आणि प्रत्येक आसावरचा भार पाच टनांत ठेवला, तर हलक्या रुळांवरून, थोड्या भांडवलात भरपूर माल नेता येतो. त्याची ही लाइन १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी धावू लागली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटरची बार्शी लाइट रेल्वे, आणि तिच्या मधोमध कुर्डुवाडी. कंपनीचं इथलं मुख्य ठाणं तिथे, इंजिनं-डब्यांचा कारखाना तिथे, साहेबांचे बंगले आणि खलाशांच्या चाळीही तिथेच. तालुका माढ्याच्या नावाचा. पण पंचायत समिती आजही कुर्डुवाडीत आहे, ती काही उगाच नव्हे.

आता या वैभवाचं पोट कशावर भरत होतं ते बघा. मोठ्या लाइनचे रूळ एकमेकांपासून साडेपाच फुटांवर, छोटीचे अडीच फुटांवर (रुळांमधलं हे अंतर म्हणजेच गेज). लातूरची डाळ मुंबईला जायची तर ती छोट्या वॅगनमधून कुर्डुवाडीला यायची, तिथे पोतं पोतं उतरायचं आणि मोठ्या वॅगनमध्ये चढायचं. सोलापूर-मुंबईकडून येणारं कापड, मीठ, लोखंड उलट वाटेनं तसंच. माझे एक मामा उमेदीच्या काळात मालधक्क्यावर मुकादमाकडे हिशेब लिहायला होते. ते सांगायचे: धक्क्याच्या एका अंगाला मोठी वॅगन, दुसऱ्या अंगाला छोटी, दोघींच्या तळाची उंची वेगळी, म्हणून एकीच्या तोंडाशी फळी टाकलेली. हमाल पोत्याला आकडी लावून पाठीवर घ्यायचा, कमरेत वाकून धक्का ओलांडायचा आणि फळीवरून खाली जाताना पाय घसरू नये म्हणून अंगठा दाबून चालायचा. मामा दारात उभे राहून खडूनं रेघा मारायचे, चार उभ्या आणि पाचवी आडवी. आकडीनं पोत्याला भोक पडायचंच. ते दाणे सांडायचे आणि केरसुणी-सूप घेऊन बसलेल्या बायका ते झाडून घ्यायच्या. मातीसकट गोळा करायच्या, घरी जाऊन पाखडायच्या. त्यांची चूल त्या भोकावर पेटायची.

प्रवाशाचंही तेच. मुंबईहून पंढरपूरला जाणाऱ्या माणसाला कुर्डुवाडीला उतरणं, जिना चढून पलीकडे जाणं, छोटी गाडी लागेपर्यंत बसणं भाग होतं. आषाढीत तर फलाटावर पाय ठेवायला जागा नसे. वारकरी डब्यांच्या टपावर बसून जात. आम्ही लहानपणी बार्शीहून येऊन मोठी गाडी पकडायचो तेव्हा तीन-तीन तास त्या फलाटावर काढलेत. आई वळकटी सोडायची, डब्यातली दशमी खाऊन व्हायची, मग चहा, मग भजी, मग परत चहा. आमच्यासारख्या हजारोंच्या त्या तीन-तीन तासांतून चहावाले, खाणावळी, लॉज, टांगे, न्हावी, देवाधर्माची पुस्तकं विकणारे असे सगळे जगत होते. एखाद्या गाडीनं कनेक्शन चुकवलं की प्रवासी कपाळाला हात लावायचा, आणि लॉजवाला दिवा मोठा करायचा.

म्हणजे लातूरच्या शेतकऱ्याला जी हमाली भुर्दंड होती, तीच कुर्डुवाडीची मजुरी होती. आमच्या आईला जो जागरणाचा त्रास होता, तोच चहावाल्याचा धंदा होता. कॅल्थ्रॉपला हे कळत नव्हतं असं नाही. त्यानेच पुढे इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड दरीतली अडीच फुटी लाइन बांधली, १९०४ मध्ये. तिथे त्याने पोती उतरवण्याची भानगडच ठेवली नाही; मोठ्या गेजची अख्खी वॅगन छोट्या गेजच्या खास गाडीवर चढवून न्यायची सोय केली. पोत्यागणिक हमाली हा लाइनचा तोटा आहे, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. (ती लाइन तरीही १९३४ मध्ये बंद पडली आणि आज तिथे लोक सायकली चालवतात. एवढ्या हुशारीनंही भागलं नाही.)

मग रेल्वेनं गाव मारलं म्हणणाऱ्यांना विचारायला हवं: तुम्हाला नेमकं काय परत हवं आहे? १८५३ मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हानियातल्या ईरी गावानं हा प्रश्न हातघाईवर नेला होता. न्यूयॉर्ककडून येणारी लाइन सहा फुटी, ओहायोकडची चार फूट दहा इंची, आणि दोन्ही ईरीला भेटत. प्रत्येक प्रवासी तिथे गाडी बदले, प्रत्येक पेटी तिथे हमालाच्या डोक्यावर चढे. कंपन्यांनी गेज एक करायचं ठरवताच गाव पेटलं. महापौर पुढे, लोक मागे. रूळ उखडले, पूल मोडले. ऐन डिसेंबरच्या थंडीत प्रवाशांना मधला सात मैलांचा तुकडा बर्फातून घसरगाड्यांवर काढावा लागला. बाहेरचे लोक हसले, शेंगदाणे आणि ‘पाय’ नावाचा तिकडचा भाजलेला खाऊ विकता यावा म्हणून ही लढाई चाललीय म्हणाले. त्या हसण्यात माज होता हे खरं. पण ईरीकरांची मागणी काय होती? साऱ्या देशानं आमच्या दारात उतरून चालावं. दोन-तीन महिन्यांत रूळ पुन्हा जोडले गेले. अशी मागणी कुठल्याच देशाला फार काळ पुरवता येत नाही.

छोट्या गाडीच्या आठवणीनं गळा काढणाऱ्यांना (त्यांत मीही एक आहे, कबूल) दोन गोष्टी पचवाव्या लागतील. पहिली, मारेकरी चुकीचा पकडलाय. मालधक्क्यावरची गर्दी गेज बदलाच्या पुष्कळ आधीच ओसरली होती. डाळीचं पोतं कुर्डुवाडीत उतरवून चढवण्यापेक्षा लातूरच्या आडत्याच्या दारातून थेट मशीद बंदरला नेणारा ट्रक त्याला स्वस्त आणि निर्धोक वाटला, इतकी साधी गोष्ट. मामांनी मालधक्का सोडला तेव्हा छोटी गाडी धडधाकट चालू होती. कुर्डुवाडी-पंढरपूर रुंद झालं ते या शतकाच्या सुरुवातीला, लातूरची बाजू २००८ पर्यंत, मिरजेची त्यानंतर दोन-तीन वर्षांत. तोवर धक्क्यावर काय उरलं होतं? दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. आपण ज्याच्यासाठी हळहळतो ते काम कुणाच्या पाठीवर चाललं होतं? १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर. त्यांनी तिथे दाखवून दिलं की, अस्पृश्यांना रेल्वेत गँगमन म्हणून रुळांवर राबवतात, पण पोर्टर म्हणून घेत नाहीत, कारण लहान स्टेशनात पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामं करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. जंक्शन गावकुसापेक्षा मोकळं होतं, पगार महिन्याच्या महिन्याला मिळायचा, हे मान्य. पण ते कुणाचंही नंदनवन नव्हतं. ज्यांना तसं वाटतं ते बहुधा मोठ्या गाडीची वाट बघत वळकटीवर बसलेले होते, पोत्याखाली नव्हते.

म्हणजे दुसऱ्या गटाचं म्हणणं बरोबर ठरतं का? त्यांच्या बाजूच्या भक्कम गोष्टी आधी मांडतो, कारण आमच्याकडे त्या कुणी ऐकून घेत नाही. ताशी एकशेदहाच्या वेगात असलेली वीस-बावीस डब्यांची गाडी दोन मिनिटं थांबली तर वाया जाणारा वेळ दोन मिनिटांपुरता नसतो. वेग उतरवणं आणि परत घेणं यातच त्याहून जास्त जातो, आणि मागच्या गाडीलाही तो धक्का बसतो. देशभर एकच गेज असावं या धोरणानं १९९२ पासून जे काम झालं, त्यामुळे मराठवाड्याचा माणूस न उतरता मुंबई गाठू लागला. जुनी छोटी लाइन जिल्ह्याच्या गावाला, म्हणजे आजच्या धाराशिवला, टाळून येडशीवरून जायची. नवी लाइन शहरात आली. कोल्हापूरहून निघालेली गाडी आता पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर करत नागपूरला जाते. एका गावाच्या भज्यांसाठी हे सगळं अडवायचं होतं? नाही. आणि त्यांचा सगळ्यात टोकदार सवाल: धंदे बुडतच असतात, टांगेवाल्याला रिक्षानं बुडवलं, टायपिंग इन्स्टिट्यूटला कॉम्प्युटरनं, मग कुर्डुवाडीच्या चहावाल्याचे एवढे लाड का?

या सवालाला उत्तर आहे, आणि ते दयामायेचं नाही. टांगेवाल्याला ज्या रिक्षावाल्यानं बुडवलं तो वेगळा माणूस होता. कुर्डुवाडीत गाव वसवणारा आणि गावाचं कारण काढून घेणारा एकच मालक आहे. कारखाना, चाळी, धक्का, हे सगळं रेल्वेनं मांडलं. माणसं तिच्या कामासाठी येऊन राहिली. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं लंडनची कंपनी विकत घेतली, तेव्हापासून तो मालक सरकार आहे. रुंदीकरणानं जी बचत झाली ती त्याच मालकाच्या वहीत जमा झाली. जमिनीही त्याच्याच राहिल्या. हिशेबात जमेची बाजू एकाकडे आणि खर्चाची दुसऱ्याकडे, याला प्रगतीची किंमत म्हणायचं असेल तर किंमत कोण मोजतंय आणि माल कोण नेतंय हेही सांगायला हवं. ‘किंमत मोजावीच लागते’ हे वाक्य बोलणारा माणूस मला आजवर कधी मोजताना दिसलेला नाही.

आणि असा वाटा देता येत नाही असंही नाही. आपल्याच राज्यात दिलेला आहे. जकात नाका म्हणजे तरी काय होतं? रस्त्यावरचं कुर्डुवाडी. ट्रक अडवायचा, पावती फाडायची, तोवर ड्रायव्हरनं चहा प्यायचा. साऱ्या देशाचा खोळंबा आणि महापालिकेचं उत्पन्न. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईच्या वेशीवरचे नाके उठले. तेव्हा कुणी म्हणालं का, की महापालिकेनं प्रगतीची किंमत मोजावी? उलट विधिमंडळानं स्थानिक संस्थांना भरपाई देण्याचा स्वतंत्र कायदा केला, आणि मुंबईला मिळालेला पहिलाच धनादेश सहाशे कोटींच्या वर होता. अडथळा काढणं देशाच्या हिताचं, पण त्या अडथळ्यावर जो कायदेशीरपणे जगत होता त्याचं नुकसान भरून देणं हेही न्यायाचं, हे तत्त्व सरकारनं तिथे बिनबोभाट मान्य केलं. मुंबई महापालिकेला जे लागू, ते धक्क्यावरच्या हमालाला का नाही? महापालिकेकडे वकील होते आणि हमालाकडे आकडी, एवढाच फरक मला तरी दिसतो.

गिरण्यांचं उदाहरण जास्त कडू आहे, पण तेही इथलंच. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या. कापड मुंबईत विणणं परवडत नाही, हे मालकांचं म्हणणं निदान अर्धं तरी खरं होतं. तरीही मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ठरलं की गिरणीची जमीन विकसित होईल तेव्हा तिचे वाटे पडतील: काही मोकळी जागा शहराला, काही म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियमाची कलमं अशी फिरवली की वाटेच आटले, आणि घराच्या सोडतीची वाट बघत कित्येक कामगार वारले. अंमलबजावणीची लाज वाटावी असा तो इतिहास आहे. पण उद्योग संपला तरी त्याच्या जमिनीवर कामगाराचा आणि गावाचा हक्क संपत नाही, हे कागदावर तरी आलं. हमालांच्या बाबतीतही महाराष्ट्र मागे नव्हता. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि मुंबईत रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या कामगारांसाठी स्वतंत्र मंडळही उभं राहिलं. ही सगळी हत्यारं हाताशी असताना जंक्शनच्या गावांनी हातात काय घेतलं? थांब्याचं निवेदन.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मला खरोखर अवघड वाटतो. वाटा मोजायचा कसा? धक्क्यावरच्या हमालाची नोंद सापडेल, कारखान्यातल्या कामगाराला तर नोकरीचं संरक्षणच होतं. पण दाणे झाडणाऱ्या बाईचं नुकसान कुठल्या वहीत लिहिणार? आणि मग कॅसलरॉकचं काय? गोव्याच्या हद्दीवरचं ते घाटमाथ्याचं स्टेशन पोर्तुगीज राज्याच्या काळात हद्दीवरच्या जकात-तपासणीवर जगत होतं; १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि तिथली तपासणी संपली. स्वातंत्र्याची भरपाई मागायची? इगतपुरीला विजेचा प्रवाह बदलायचा म्हणून इंजिन बदललं जायचं, तेवढ्या वेळात वडे खपायचे. पुढे घाटाखालचा प्रवाहही बदलला आणि ते कारण गेलं. त्याचे पैसे कुणाकडे मागायचे? मला याचं चोख उत्तर देता येत नाही. माणसागणिक भरपाई बहुधा जमणारच नाही. म्हणूनच मी पैशाच्या वाटपापेक्षा कामाच्या वाटपावर बोट ठेवतो. बाईचे दाणे मोजता येत नाहीत, पण तिच्या नातवाला गावात काम आहे की नाही हे मोजता येतं.

मनमाडकडे बघा. तिथेही गेज तुटत होतं. हैदराबादकडची मीटरगेज (एक मीटर रुंदीची लाइन) मनमाडला मोठ्या लाइनला भेटायची. नव्वदीच्या दशकात ती रुंद झाली आणि मनमाडचा मालबदल संपला. पण मनमाडला रेल्वेचा पुलांचे गर्डर बनवणारा कारखाना होता, अन्न महामंडळाची प्रचंड कोठारं होती, शेजारी पानेवाडीला पेट्रोल-डिझेलचे डेपो आले आणि मुंबईहून तेलाची पाइपलाइन आली. माणसं उतरायची थांबली तरी काम उतरत राहिलं. मनमाडला प्यायच्या पाण्याची रड वर्षानुवर्षं आहे, ते काही आदर्श गाव नव्हे. तरी जंक्शन कशावर टिकतं याचा धडा तिथे आहे. कुर्डुवाडीतला छोट्या गेजचा जुना कारखानाही मेला नाही. माथेरानच्या गाडीच्या डब्यांची मोठी दुरुस्ती तिथे होत आली आहे. इतकी वर्षं अरुंद गेजच्या कामावर बसलेला हात देशात किती ठिकाणी उरलाय? २०१८ मध्ये लातूरजवळ डब्यांच्या कारखान्याची कोनशिला बसली. बार्शी लाइटच्या एका टोकाला नवा कारखाना उभा राहत होता तेव्हा तिच्या मध्यावरचा जुना कारखाना त्याला कसा जोडता येईल, यावर कुर्डुवाडीत बंद झाला होता का? उपोषण झालं होतं का? माझ्या तरी पाहण्यात सगळा जोर थांब्यावरच गेला.

आणि थांबा तर मिळाला ना! फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. सुरू झाली तेव्हा पुण्याच्या पुढे सोलापूरपर्यंत तिचा एकच थांबा होता, तो कुर्डुवाडी. देशातल्या सगळ्यात मिरवल्या जाणाऱ्या गाडीनं कॅल्थ्रॉपच्या वाडीला मान दिला, यापेक्षा मोठा थांबा कुणाला हवा असेल? थांबा म्हणजे जंक्शन हे समीकरण खरं असतं तर गावात एव्हाना पुन्हा रात्रभर दिवे जळायला हवे होते. तसं होत नाही, कारण हा प्रवासी खोळंबत नाही. त्याचा जेवणाचा डबा गाडीत आलेला असतो, पुढची गाडी फोनवरून ठरलेली असते. त्याला पंढरपूरला किंवा बार्शीला जायचंय. कुर्डुवाडी त्याच्यासाठी पुन्हा ‘बार्शी रोड’ झाली आहे. माल आणि उद्योग तर केव्हाच वीसेक किलोमीटरवरच्या टेंभुर्णीला, पुणे-सोलापूर महामार्गावर गेले. एमआयडीसी तिथे, ढाबे तिथे. उद्या महामार्गाला एखादा वळणरस्ता निघाला की टेंभुर्णीचे लोकही निवेदन लिहायला बसतील.

थांबा मागूच नये असं मी म्हणत नाही. दवाखान्याला, परीक्षेला जाणाऱ्याला तो हवाच. पण ती प्रवाशाची मागणी आहे, तिला गावाच्या पुनरुज्जीवनाचा साज चढवू नये. गावाची मागणी वेगळी असते: मिरज आणि लातूरच्या बाजूच्या गाड्या मुख्य लाइनच्या गाड्यांशी वेळ जुळवून याव्यात, मालधक्क्यावर साखर, डाळ, द्राक्षं, बेदाणा चढवायची सोय व्हावी, कारखान्याला पुढच्या वीस वर्षांचं काम लेखी मिळावं, आणि छोट्या लाइनच्या मोकळ्या पडलेल्या जमिनीचं काय करायचं हे ठरवताना नगरपालिकेला खुर्ची मिळावी. यातली एकही गोष्ट फोटोत चांगली दिसत नाही, ही अडचण मला मान्य आहे. हिरवा झेंडा दाखवायला गाडी लागते; वेळापत्रकाला झेंडा दाखवता येत नाही.

मध्यंतरी मी त्याच वंदे भारतनं रात्री कुर्डुवाडीला उतरलो. दारं सरकून उघडली, माणसं उतरली, दारं मिटली, गाडी आवाजही न करता निघून गेली. बाहेर जीपवाला ओरडत होता, “पंढरपूर, पंढरपूर, एकच सीट राहिली.” बार्शीला न्यायला भाचा गाडी घेऊन आला होता. त्याला म्हटलं, चल, आधी चहा घेऊ. फलाटावरच्या टपरीशी गेलो तर मालक पातेलं घासत होता. दूध संपलं म्हणाला. मग स्वतःच हिशेब सांगितला: या गाडीच्या वेळेला आता तो दूध ठेवतच नाही, तापवेपर्यंत फलाट रिकामा होतो.